रकाना क्रमांक चार

वर्कशॉपच्या मागच्या खिडकीतून खाडी दिसते,
भरती असली तर. ओहोटीला नुसता वास.
एकवीस वर्षं मी इथं, कांजूरला, पोरांना सरळ रेघ शिकवतो.
टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, टू-एच पेन्सिल,
समोरून, वरून, बाजूनं.
वस्तू तिन्हीकडून दिसली की कळली,
असं मी सांगतो आणि पगार घेतो.

यंदा वरून पत्र आलं:
निसर्गप्रेरित तंत्रज्ञान, प्रत्येक ट्रेडचा एक प्रकल्प,
सोबत फोटो दोन, खर्च दीड हजारांच्या आत.
पोरांनी मोबाइलमधून कमळाचं पान काढलं,
खंड्याची चोच काढली, जपानची गाडी काढली.
हेमांगी वैती म्हणाली,
सर, हे सगळं लांबचं. माझ्या घरामागं चला.

भांडुपच्या पंपिंगपाशी चिखलानं
माझा डावा बूट ठेवून घेतला.
तिनं तिवराचं पान खुडलं, उलटं केलं.
"चाटा."
एकवीस वर्षांत मला असं कुणी सांगितलं नव्हतं.
चाटलं.
मीठ.
खारं पाणी पिऊन मीठ अंगाबाहेर टाकणारं पान,
ना मोटर, ना फिल्टर,
ना वार्षिक देखभालीचा करार.

आणि मुळं,
चिखलातून वर आलेली, बोटाएवढी, हजारो,
जणू कुणी पेन्सिली उलट्या रोवून विसरून गेलंय.
मोईन कोंडकरी पट्टी घेऊन वाकला, मोजत गेला,
एक अंतर दुसऱ्यासारखं निघेना.
"सर, पिच किती धरू?"
मी चष्मा पुसला.

हेमांगीची आई पलीकडं कालवं फोडत होती.
कोयती न थांबवता म्हणाली,
"पान्याला अरवाचा नाय, दमवाचा."
मोईननं ते लिहून घेतलं,
मापांच्या खाली.

मग पत्र्याची टाकी केली. ती पहिल्यांदा गळली,
हेही सांगायला हवं.
वेल्डिंगची पोरं दोन दिवस आमच्याकडं बघत नव्हती.
एका बाजूला सिमेंटची भिंत, माझ्या हातची, ओळंब्यात.
दुसऱ्या बाजूला भंगारातल्या पाइपांचे तुकडे, एकशे तेरा,
पोरांनी डोळे मिटून रोवलेले.
आणि बादल्या.

भिंतीवर लाट आपटली, उलटी फिरली,
जाताना पायातली वाळू घेऊन गेली.
सातव्या बादलीला माझी भिंत
निवृत्त साहेब खुर्चीत बसावा तशी
सावकाश बसली.
पाइपांत शिरलेली लाट
इथं अडखळली, तिथं वळली, आपल्याच अंगावर आली,
पलीकडं पोचेपर्यंत तिला आठवेना
आपण कशासाठी निघालो होतो.
बाराव्या बादलीनंतर मागं पाहिलं,
बोटभर गाळ.
गाळ म्हणजे जमीन, हेमांगी म्हणाली,
आमची अशीच आलीय.

त्या रात्री मी घरी जुनी ड्रॉइंग काढून बसलो.
सगळ्या भिंती.
किती सुबक.

अर्जात रकाना क्रमांक चार: मूळ संशोधकाचे नाव.
मी म्हटलं, गटाचं नाव टाका.
हेमांगीनं लिहिलं: तिवर.
वय: माहीत नाही.
पत्ता: भरती असेल तर पाण्यात.
मी सही केली. का केली ते विचारू नका,
बूट अजून तिथंच होता.

महिन्यानं अर्ज परत आला, लाल शाईत शेरा:
नाव अपूर्ण. आडनाव लिहावे.

"काय लिहू, सर?"
आम्ही तिघं खिडकीशी उभे.
बाहेर ओहोटी, आणि चिखलात
हेल्मेट घातलेली चार माणसं
लाल झेंडे रोवत चाललेली,
दोरी धरून, अगदी रेघेत.
मी शिकवतो तशी.

मोईननं एक डोळा मिटला, अंगठा लांब धरला.
"सर," तो म्हणाला,
"ह्यांचं पिच कळतंय."